पैठणीच्या प्राचीनतेची चिकित्सा

सातवाहनांच्या पैठणात दोन हजार वर्षांपूर्वी विणले जाणारे रेशमी वस्त्र म्हणजेच आजची पैठणी, असे विधान वारंवार केले जाते. पदरावरील कमळाचे अजिंठ्याच्या चित्रांशी साम्य दाखवले, की ते बौद्ध वाचकालाही सुखावते. आमच्या मते हे विधान पुराव्यावर टिकत नाही.

पैठणच्या प्राचीनत्वाविषयी वाद नाही. सुत्तनिपाताच्या पारायनवग्गात बावरीचे शिष्य तथागतांच्या दर्शनास निघतात, तेव्हा त्यांच्या मार्गावर 'पतिट्ठान' येते. परंतु इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ पैठणहून भडोचला मौल्यवान दगड येत असल्याचे सांगतो. कापड येते ते तगर, म्हणजे आजच्या तेर येथून. रेशीम मात्र चीनहून बॅक्ट्रियामार्गे भडोचला पोहोचते, असे तोच ग्रंथ नोंदवतो. अजिंठ्यातील चित्रित वस्त्रावरूनही धागा व माग सिद्ध होत नाही.

याबाबत आमची अट्ठकथा अधिक काटेकोर आहे. चीवराच्या वस्त्रांची चर्चा करताना 'समन्तपासादिका' पत्तुण्ण, सोमारपट, चीनपट अशी नावे देते. म्हणजे वस्त्र देशावरून ओळखते. खुद्द चीनमध्येही सिचुआनचे 'शू', सूचौचे 'सोंग' आणि सुवर्णतंतूंनी विणलेले नानजिंगचे 'युन' हे नक्षीदार रेशमाचे निरनिराळे प्रकार आहेत.

हीच कसोटी महाराष्ट्राला लावावी. पैठण-येवल्याच्या पैठणीत लहान कांड्यांवरील रंगीत बाणा हाताने गुंफतात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) हिमरूत ताणा सुती असून जादा बाण्याने फुले उठवतात. भंडाऱ्याच्या करवतकाठी वस्त्राचे टसर ऐन-अर्जुनावर वाढणाऱ्या किड्यांचे असते. या तीन परंपरा तीन प्रदेशांतील कारागिरांच्या आहेत. एकाच वैभवशाली नावाखाली त्या लोटणे म्हणजे त्यांचे श्रम पुसणे होय. काशीमीऱ्यासारख्या उपनगरी बाजारात यंत्रमागाची साडीही 'पैठणी' म्हणून खपते, तिलाही अशाच इतिहासाचा आधार मिळतो.

विनयपिटकात आळवीचे रेशीमकार आपली व्यथा बोलून दाखवतात : बायकामुलांच्या पोटासाठी आम्हाला हे क्षुद्र जीव मारावे लागतात. रेशमी मिश्रणाच्या आसनाविरुद्धचा भिक्खूंचा नियम या प्रसंगातून आला. तेथे कारागीर बोलतो आणि संघ ऐकतो. आपल्या वस्त्रेतिहासात मात्र राजा, नगर आणि नक्षी आहेत, विणकर नाही. ही उणीव भरल्याशिवाय प्राचीनतेचा अभिमान बाळगणे आम्हास उचित वाटत नाही.