सिंधूचें मौन

कन्हानला आमच्या घरीं कांहीं परिचित मंडळी महिन्यांतून एकदां जमतात आणि एखादें जुनें नाटक मिळून वाचतात. गेल्या खेपेस 'एकच प्याला' निघालें. शेवटच्या अंकांत दारूच्या धुंदींत सुधाकराच्या हातून तान्हें मूल मरतें, सिंधु स्वतः जबर जखमी होते, आणि फौजदार चौकशीस आल्यावर नवऱ्याचें नांव न घेतां, आपण पडलों, असें ती सांगते. येथें वाचन थांबलें. एका वृद्ध बाईंनीं डोळे पुसले आणि म्हटलें, "अशी बाई आतां व्हायची नाहीं." त्यांची कॉलेजांत शिकणारी नात जवळच बसली होती. ती हळूच म्हणाली, "पण आजी, त्या बाळाच्या बाजूनें कोण बोललें?"

हें नाटक मीं तीस वर्षें वर्गांत शिकविलें आहे. हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता, आणि मीं स्वतःलाहि विचारला नव्हता.

गडकरी आमच्या भागाला परके नाहींत. आजारी स्थितींत ते सावनेरला भावाकडे येऊन राहिले आणि २३ जानेवारी १९१९ रोजीं, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, तेथेंच वारले. सावनेर तालुक्यांतून येणारी कन्हान नदीच पुढें आमच्या गांवावरून वाहते. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यांच्या पश्चात् त्याच वर्षीं गंधर्व नाटक मंडळीनें तें केलें. भरजरी शालूंत वावरणारे बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेंत ठिगळें लावलेलें लुगडें नेसून उभे राहिले, आणि सिंधु ही मराठी घरांत सोशिकपणाचा आदर्श होऊन बसली. मनांतलें मनांतच ठेवणारी ती थोर, असें त्या आदर्शाचें सार आहे. तें कितपत खरें, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

मन झांकणें हा सर्वत्र दोषच आहे, असें मी म्हणणार नाहीं. खुद्द बालगंधर्वांचेंच उदाहरण घ्या. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग ठरल्याप्रमाणें झाला. भामिनी हंसत-लाजत प्रेक्षकांसमोर आली. त्यांनीं झांकलें तें स्वतःचें दुःख होतें. तें प्रेक्षकांस सांगण्याचें कोणतेंहि ऋण त्यांच्यावर नव्हतें, आणि तें न सांगितल्यानें कोणाचें नुकसान झालें नाहीं. आपलें दुःख कोणापुढें उघडावें आणि कोणापुढें उघडूं नये, हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. त्यास ढोंग म्हणणें हा अविचार होईल.

सिंधूच्या मौनाचा आरंभहि असाच आहे. श्रीमंत माहेरची ही मुलगी नवऱ्याच्या शब्दासाठीं भावाची मदत नाकारते, दळणें दळते, आणि तोंडातून तक्रार काढीत नाहीं. हें दुःख तिचें, त्याची किंमत देणारीहि तीच, असें आपण मानतों. पण जरा बारकाईनें पाहिलें तर त्या दारिद्र्यांत तान्हें मूलहि वांटेकरी आहे, आणि त्याला कोणीं विचारलेलें नाहीं. मौनाचें ओझें तेव्हांच दुसऱ्याच्या खांद्यावर सरकूं लागलें आहे. फौजदारासमोर तर मर्यादा साफ ओलांडली जाते. मरणाच्या दारांत उभें असलेलें माणूस खोटें बोलणार नाहीं, या विश्वासावर कायदा त्याच्या जबानीस पुरावा मानतो. सिंधु त्याच घटकेला खोटें बोलते. आतां ती भावना झांकीत नसून कृत्य झांकीत आहे. बाळाचा मृत्यु ही एकट्या तिची व्यथा नव्हे. ज्याला स्वतःची जबानी देतां येत नाहीं अशा जीवाचा तो हक्क आहे.

गडकऱ्यांना हें दिसलें नसेल, असें मला वाटत नाहीं. सिंधूच्या शेजारींच त्यांनीं तळीरामाची बायको गीता उभी केली आहे. ती फटकळ आहे. नवऱ्याविषयीं जें वाटतें तें बोलून दाखविते. आपण तिला हंसतों आणि विसरतों. दुसरीकडे रामलाल आहे. ज्या शरदला आपण मुलीसारखी मानतों, तिच्याविषयीं आपल्या मनांत निराळीच अभिलाषा उत्पन्न झाली आहे, हें त्याला कळून चुकतें. वात्सल्याच्या नांवाखालीं तो स्वतःलाच फसवीत होता. पण तो आपलें मन तपासतो आणि शेवटीं भगीरथासाठीं बाजूला होतो. स्वतःपासून झांकलेलें उघडें केल्यावरच त्याला नीतीचा मार्ग सांपडतो. ही कसोटी नाटककारानेंच आपल्या हातीं दिली आहे. ती आपण सिंधूस लावीत नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वींच्या पतिव्रतेला आजचा कायदा लावणें अन्यायाचें आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून मी सिंधूला दोष देत नाहीं. तिच्याजवळ दुसरें कांहीं राहिलेंच नव्हतें. पण नाटकाचा शेवट काय सांगतो? ज्याला वांचविण्यासाठीं ती खोटें बोलली, तो विषाचा प्याला पिऊन मरतो. सुधाकराला तिचें मौन जिवंत ठेवूं शकलें नाहीं, बाळालाहि नाहीं. नाटकांतील शब्द त्या मौनाची पूजा करतात आणि घटना त्याच्याविरुद्ध साक्ष देतात. प्रेक्षक शब्दांनीं रडला. घटनेकडे त्यानें पाहिलें नाहीं.

सासरहून आलेल्या मुलीला आपण विचारतों, "बरी आहेस ना?" या प्रश्नांतच उत्तर घातलेलें असतें. ती "हो" म्हणते आणि आपल्याला हायसें वाटतें. तिच्या सोशिकपणाची आपण तारीफ करतों त्यांत आपली सोयहि पुष्कळ असते. तिनें खरें सांगितलें तर आपल्याला कांहीं तरी करावें लागेल.

त्या मुलीला मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नाहीं, चहाचा विषय काढला. आज देतों : बाळाच्या बाजूनें कोणी बोललें नाहीं, आणि डोळे पुसणाऱ्यांत तीस वर्षें मीहि होतों.