'साइन'ची गोष्ट अर्ध्यावर का सोडायची?

'साइन' हा शब्द कुठून आला, असं वर्गात कुणी विचारलं, तर आपण शिक्षक एक गोष्ट हमखास सांगतो. आर्यभटाच्या (इ.स. 499) 'ज्या' किंवा 'जीवा'चं अरबीत 'जीबा' झालं. अरबीत त्याला काही अर्थ नव्हता. जवळजवळ तशाच अक्षरांत लिहिला जाणारा 'जैब' मात्र ओळखीचा होता. त्याचा अर्थ वस्त्राचा छातीवरचा झोळ. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरात त्यासाठी 'सायनस' आला (नाकालगतच्या पोकळ्यांचं नावही हेच!) आणि त्यावरून इंग्रजीत 'साइन'.

गोष्ट चांगली आहे. माझी तक्रार ती तिथेच थांबते याबद्दल आहे. मुलांच्या हाती लागते भाषांतराची गंमत आणि 'मूळ आपलंच' हे समाधान. साइन म्हणजे काय, हे कळायचं राहूनच जातं.

खरं तर मराठी माध्यमाच्या मुलांना जीवा आधीच माहीत असते. 10 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात केंद्राशी 60 अंशांचा कोन काढायला सांगा. जीवा जोडली की समभुज त्रिकोण होतो, म्हणून जीवाही 10 सेंमी. कोन दुभागला की कोन 30 अंशांचा आणि जीवा निम्मी, 5 सेंमी. 5 भागिले 10, म्हणजेच साइन 30° = 1/2. आर्यभटाची 'ज्या' म्हणजे हीच अर्धी जीवा. त्याने त्रिज्या 3438 धरली. त्याने दिलेले पहिले आठ फरक (225, 224, 222, 219, 215, 210, 205, 199) मिळवून पाहा: 1719. बरोबर निम्मे!

'टॅन्जंट' आणि 'सीकंट' ही नावं 1583 मध्ये थॉमस फिंक याने वापरली. लॅटिनमध्ये त्यांचे अर्थ स्पर्श करणारी आणि छेदणारी. म्हणजे आपल्या स्पर्शिका आणि छेदिकाच! वर्तुळाच्या धड्यातले तीन शब्द त्रिकोणमितीत पुन्हा भेटतात, पण त्यांची ओळख आपण करून देत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. 'कोसाइन'मधला 'को' आपल्या 'कोटिज्या'तून आला, असं कधीकधी सांगितलं जातं. ते चूक आहे. तो 'कोटिकोनाची साइन' या अर्थाच्या लॅटिन शब्दांचा संक्षेप आहे. एडमंड गुंटर याने 1620 मध्ये तो वापरला. उच्चार जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही.

शब्दाचं मूळ जरूर सांगावं. पण ते सांगताना हातात कंपास असावा.