न ऐकणारा साथीदार

आत्ता तुम्ही जो ट्वेल्व्ह-बार ब्लूज ऐकलात, त्यात बास होता, ड्रम होते, पियानो होता. वाजवणारं मात्र कोणी नव्हतं. मी लॅपटॉपवर कॉर्ड टाइप केले, स्विंगची शैली निवडली, लय ठरवली आणि बटण दाबलं. गेली पंधरा वर्षं रात्री सगळे झोपले की हेडफोन लावून मी असाच गिटार वाजवतो. त्यामुळे आजची टीका बाहेरच्या माणसाची नाही. या यंत्राचं मीठ खाल्लेल्या माणसाची आहे.

थोडा इतिहास सांगतो. १९६७ साली अमेरिकेत जेमी एबरसोल्ड या सॅक्सोफोनवादक शिक्षकाने नुसत्या साथीची तबकडी काढली. स्टिरिओच्या एका बाजूला बास आणि ड्रम, दुसऱ्या बाजूला पियानो आणि ड्रम. तुम्ही बासवादक असाल तर बासची बाजू बंद करा आणि त्याच्या जागी स्वतः बसा. साधी युक्ती, पण पिढ्याच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पुढे १९९० मध्ये कॅनडात पीटर गॅनन यांचं 'बँड-इन-अ-बॉक्स' आलं. आता तबकडीत असतील तीच गाणी वाजवायची सक्ती राहिली नाही. कोणतेही कॉर्ड, कोणतीही पट्टी, कोणतीही लय! आज 'आय-रिअल प्रो'सारखं ॲप हेच काम खिशातल्या फोनवर करतं.

याचा फायदा किती मोठा आहे, हे एका उदाहरणावरून कळेल. मे १९५९ मध्ये जॉन कोल्ट्रेनने 'जायंट स्टेप्स' ध्वनिमुद्रित केलं. सोळाच बारची रचना, पण ती भन्नाट वेगात तीन स्वरकेंद्रांमधून फिरत राहते. कोल्ट्रेनने तिचा पुष्कळ रियाज केला होता. पियानोवर टॉमी फ्लॅनगन होते. कसलेले वादक, पण त्यांचा सोलो ऐका : सुरुवात होते, अडखळते, आणि शेवटी ते नुसते कॉर्ड धरून उरतात. १९८२ मध्ये त्यांनी तीच रचना पुन्हा मुद्रित केली, आणि तेव्हा ती त्यांच्या बोटांत पूर्ण मुरलेली होती. आज एखादी कॉलेजातली मुलगी हीच रचना अर्ध्या लयीत लावते, अवघड चार बार शंभरदा फिरवते, रोज थोडी लय वाढवते. यंत्र कंटाळत नाही, चहा मागत नाही. (हशा) हे ऋण मान्य करूनच पुढे जाऊ.

माझी फजिती सांगतो. घरी दहाएक वर्षं वाजवून झाल्यावर मी मुंबईत एका जॅम सेशनला गेलो. सोलो बरा झाला. मग 'फोर्स' सुरू झाले, म्हणजे चार बार मी, चार बार ड्रमर. ड्रमरने ठोके असे आडवे टाकले की मला रचनेतली जागाच सापडेना. घरी पडद्यावर खूण पुढे सरकत असते, इथे कुठली खूण? मी एक बार आधी घुसलो. बास वाजवणाऱ्या काकांनी मान हलवून, आपण समेवर हलवतो तशी, पहिला ठोका दाखवला तेव्हा कुठे सावरलो. घरी येताना लक्षात आलं : इतकी वर्षं रचना मी धरलीच नव्हती. यंत्राने धरली होती, मी तिला लटकलो होतो.

दोष यंत्राचा नाही. ते दिलेलं काम चोख करतं. पण ऐकणं हे त्याचं कामच नाही. जॅझमध्ये पियानोवाला सोलोच्या मागे जे करतो ते संभाषण असतं. हर्बी हँकॉक यांनी अनेकदा सांगितलेली गोष्ट तुम्हाला माहीत असेल : माइल्स डेव्हिसच्या सोलोमागे त्यांच्याकडून चुकीचा कॉर्ड वाजला, आणि माइल्सनी पुढचे स्वर असे लावले की तो कॉर्ड बरोबर ठरला. सॉफ्टवेअर असा कॉर्ड चुकणार नाही. आणि तुम्ही चुकलात तर तुम्हाला सावरणारही नाही.

कोणी म्हणेल, आपल्याकडेही इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहेच की. आहे, पण फरक बघा. तंबोऱ्याने गाणाऱ्याच्या तानेला उत्तर द्यायचं नसतं, आधार द्यायचा असतो. म्हणून तो यंत्रात घातला तर नुकसान कमी होतं. हार्मोनियमची संगत यंत्रात घालून बघा! गायकाने घेतलेली जागा तिला कळणार कशी? जॅझमधला बास आणि पियानो हे तंबोऱ्याच्या नव्हे, या संगतकाराच्या जातीचे आहेत.

दुसरं नुकसान त्याहून खोल आहे. यंत्रासमोर तुम्ही कायम नायक असता. साथ करायची पाळी तुमच्यावर येतच नाही. एका ठरलेल्या रात्री गिटारवादकाला सोलो किती वेळ मिळतो? थोडाच. उरलेला वेळ तो दुसऱ्याला साथ करतो. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आला, त्यानंतरच्या काळात गोव्याचे वादक तिथल्या आफ्रिकन-अमेरिकन वादकांच्या शेजारी बसून जॅझ शिकले. शेजारी बसणं, हीच त्यांची शाळा होती.

मग यंत्र फेकून द्यायचं का? मुळीच नाही. मी काय करतो ते सांगतो. आधी पियानो बंद करतो, मग ड्रम, शेवटी बासही. उरतो मेट्रोनोम, तोही फक्त दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. पडदा झाकतो. रचना आता माझी मलाच धरावी लागते. आणि आठवड्यातून एक तास एका माणसाबरोबर वाजवतो. तो बेसूर असला तरी चालेल. तो माझं ऐकतो, आणि मला त्याचं ऐकावं लागतं.

आता लॅपटॉप मिटतो. इथे कोणी वाद्य आणलं असेल, तर पुढे या.