पाठीवरचे वळ आणि वेदोच्चार : वारकरी चरित्रकथांतील भूतैक्य

मराठी संतसाहित्यातील सर्वभूतैक्याची चर्चा बहुधा ‘ज्ञानेश्वरी’च्या (शके १२१२) तत्त्वविचारापासून सुरू होते आणि अद्वैताच्या परिभाषेतच विराम पावते. चराचरात एकच चैतन्य भरलेले आहे, हा सिद्धान्त एकदा गृहीत धरला की संतचरित्रांतील प्राणी त्याचे केवळ दृष्टान्त ठरतात. रेडा, कुत्रा, गाढव यांत मग भेद करण्याचे कारण उरत नाही. वस्तुतः या कथा परस्परांशी सहमत नाहीत.

पैठणच्या ब्रह्मसभेपुढील रेड्याची कथा सर्वपरिचित आहे. मात्र लोकस्मृतीने तिच्यातील वेदोच्चार तेवढा जपला. त्याआधीचा प्रसंग अधिक मोलाचा आहे : रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला जातो आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटतात. येथे ऐक्याची साक्ष वेदना देते. पुढे रेडा वेद बोलू लागतो तेव्हा त्याची प्रतिष्ठा वाढते खरी, पण ती सभेच्या अटीवर. मान्यता मिळवण्यासाठी पशूला अखेर माणसांच्याच, त्यातही मोजक्या माणसांच्या, भाषेत बोलावे लागते. विद्रोहाची म्हणून गौरवलेली ही कथा या एका बाबतीत सभेचीच कसोटी मान्य करते, हे नाकारता येत नाही.

नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा काहीच बोलत नाही. कोरडी पोळी त्याला खुपेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. एकनाथांनी (१५३३–१५९९) रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक तहानलेल्या गाढवाच्या मुखात घातले. तेही गाढवच राहते. या कथांत चैतन्याची चर्चा नाही. भूक आहे, तहान आहे आणि तत्काळ घडलेली कृती आहे. नॉर्वेजियन तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी आम्लाच्या थेंबात पडून तडफडणाऱ्या पिसवेत स्वतःला पाहिल्याचा अनुभव नोंदवला आहे. गांधीविचाराच्या या अभ्यासकाचे तादात्म्य प्रामाणिक आहे, पण ते सूक्ष्मदर्शकातून घडते; पिसू वाचवणे त्यांना शक्य नव्हते. वारकरी कथा तादात्म्याचा अनुभव क्वचितच वर्णन करते. ती माणसाला धावायला लावते.

या भेदाची खरी परीक्षा दिल्लीशी जोडल्या गेलेल्या कथेत होते. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, म्हणजे आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांतील राग भैरवमधील एका दीर्घ पदात सुलतान नामदेवांना बांधून मेलेली गाय जिवंत करण्यास फर्मावतो. परंपरेचा एक प्रवाह हा सुलतान दिल्लीचा, तुघलक घराण्यातला मानतो. पदात नगराचे नाव नाही. (पदाचे कर्तृत्व आणि गाथेतील नामदेवाशी त्याचे नाते हा स्वतंत्र वादाचा विषय आहे.) कर्तृत्व आपले नव्हे, हरीचे, असे नामदेव सांगतात. आई रडत त्यांना धर्म सोडण्यास विनवते, तेही ते ऐकत नाहीत. अखेर हरी गरुडावरून येतो आणि गाय उठते.

या पदाचे वाचन बहुधा हिंदू-मुस्लिम संघर्षाची कथा म्हणून केले जाते. तसे ते आहेही. तरी गायीचे पुनर्जीवन सिद्ध होते ते कसे, हे पाहावे. ती कोणत्याही धर्मग्रंथातील वचन उच्चारत नाही. वासरू जवळ आणले जाते, ती दूध देते आणि घागर भरते. पैठणच्या सभेपेक्षा हा दरबार त्या अर्थी कमी मागतो. पुढे क्षमायाचनेत विनवणारा नामदेवांपुढे स्वतःलाच गाय म्हणवून घेतो. सत्तेच्या बाजूच्या माणसाला शरण जाण्यासाठी पशूचेच नाव घ्यावे लागते. रेड्याच्या कथेतील दिशा येथे नेमकी उलटली आहे.

पण याच पदात एक हत्तीही आहे. नामदेवांना चिरडण्यासाठी तो पाठवला जातो, सोंडेने प्रहार करतो, हरी भक्ताला वाचवतो आणि हत्ती कथेतून निघून जातो. त्याच्या अंगावरच्या अंकुशाच्या खुणा कोणाच्याही पाठीवर उमटत नाहीत.