‘कागद’ आणि ‘माफी’ : कॅलिफोर्नियातील एका पोटनिवडणुकीची भाषा

राजकीय भाषणातील एखादे वाक्य निवडणुकीचा निकाल फिरवते, असा समज सर्वत्र रूढ आहे. अमेरिकेच्या काँग्रेसमधील (म्हणजे तेथील विधिमंडळातील) एका जागेसाठी ६ जून २००६ रोजी कॅलिफोर्नियात झालेल्या पोटनिवडणुकीचे उदाहरण या समजाच्या पुष्ट्यर्थ अनेकदा दिले जाते. डेमोक्रॅटिक उमेदवार फ्रान्सिन बझ्बी यांनी मतदानाच्या पाच दिवस आधी एक वाक्य उच्चारले आणि त्या पराभूत झाल्या, असे हे कथन आहे. ते कितपत ग्राह्य आहे हे तपासणे, आणि त्या प्रचारात परदेशांतून येणाऱ्या स्थलांतरितांविषयी जी भाषा योजली गेली तिचे कार्य नेमके काय होते हे पाहणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम पार्श्वभूमी ध्यानी घ्यावयास हवी. सॅन डिएगो परगण्याच्या उत्तर भागातील पन्नासाव्या मतदारसंघाचे रिपब्लिकन प्रतिनिधी रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडून किमान २४ लाख डॉलरची लाच घेतल्याची कबुली नोव्हेंबर २००५ मध्ये न्यायालयात दिली. त्यांच्या राजीनाम्याने जागा रिकामी झाली. एप्रिल २००६ मधील पहिल्या फेरीत डझनाहून अधिक रिपब्लिकन उमेदवार उभे होते. बझ्बी यांना सुमारे ४४ टक्के मते पडली. निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्याने जूनमध्ये दुसरी फेरी झाली. तीत रिपब्लिकन पक्षातर्फे ब्रायन बिलब्रे उभे राहिले. त्यांना एप्रिलमध्ये अवघी १५ टक्क्यांच्या आसपास मते होती. हे माजी काँग्रेस-सदस्य असून स्थलांतरावर मर्यादा घालू पाहणाऱ्या एका संघटनेची बाजू त्यांनी राजधानीत मांडलेली होती.

याच काळात स्थलांतराचा प्रश्न देशभर पेटला होता. प्रतिनिधिगृहाने डिसेंबर २००५ मध्ये कडक विधेयक संमत केले होते. त्याच्या विरोधात २००६ च्या वसंतात लक्षावधी लोक रस्त्यांवर उतरले. उलट सेनेटने २५ मे २००६ रोजी ६२ विरुद्ध ३६ मतांनी निराळे विधेयक संमत केले. दंड, थकलेला कर, इंग्रजीचा अभ्यास अशा अटी पुऱ्या करणाऱ्यांना कायदेशीर रहिवासाचा मार्ग त्यात होता. बिलब्रे यांनी या विधेयकाला ‘ॲम्नेस्टी’ म्हणून विरोध केला. विधेयकाचे एक पुरस्कर्ते सेनेटर जॉन मकेन हे त्यांच्याच पक्षाचे होते. तथापि या विरोधामुळे मकेन यांनी बिलब्रे यांच्यासाठी योजलेल्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमास जाण्याचे रहित केले.

‘ॲम्नेस्टी’ हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा धात्वर्थ ‘विस्मरण’ असा आहे. अपराध विसरून जाणे, ही त्याची अभिधा. ज्या विधेयकात अपराधाची आठवण ठेवून दंड सांगितलेला आहे त्यास विस्मरणवाचक शब्द लावणे कोशाच्या दृष्टीने सैल ठरेल. परंतु शब्दाचा अर्थ कोशात संपत नाही. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर रहिवास मिळाला, आणि तरीही बेकायदा स्थलांतर थांबले नाही. या अनुभवाची सावली त्या शब्दावर पडलेली होती. ‘ॲम्नेस्टी’ म्हणजे माफी नव्हे, तर ‘पुन्हा एकदा फसवणूक’, ही त्याची व्यंजना होती. समर्थक व्याख्येवर वाद घालीत राहिले. विरोधकांचे काम व्यंजनेने केव्हाच साधले होते.

आता ते वाक्य पाहू. १ जून रोजी एस्कॉन्डिडो येथील सभेत एका माणसाने स्पॅनिश भाषेत विचारले की, मला मदत करायची आहे, पण माझ्यापाशी कागद नाहीत. प्रश्नाचा अनुवाद करून सांगण्यात आला. बझ्बी यांच्या उत्तराचा आशय असा होता : सर्वांना मदत करता येते, मतदानासाठी कागद लागत नाहीत, मदत करायला मतदार म्हणून नोंदलेले असण्याची गरज नाही. सभेचे ध्वनिमुद्रण झाले होते. त्यातील मधले वाक्य आकाशवाणीवरून आणि प्रचाराच्या जाहिरातींतून मतदारसंघभर गाजले. आपण चुकून तसे बोललो, असा खुलासा बझ्बी यांनी केला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा वाक्यसंकराचा प्रकार दिसतो. ‘मदतीला कागद लागत नाहीत’ आणि ‘मदतीला मतदार-नोंदणी लागत नाही’ ही दोन वाक्ये मनात एकदम उभी राहिली असता एकातील पद दुसऱ्यात शिरते. भर्तृहरीने वाक्यपदीयात अर्थनिर्णयाची जी साधने मोजली आहेत त्यांत ‘प्रकरण’ हे एक आहे. येथे प्रकरण मदतीचे होते. आधीचे आणि नंतरचे वाक्य मदतीविषयीच आहे.

मग श्रोत्यांनी मधले वाक्य शब्दशः का घेतले? आपल्याकडील शाब्दबोधाच्या विचारात वाक्यार्थाला ‘योग्यता’ लागते. पदांचे अर्थ परस्परांशी जुळत नसतील तर श्रोता वाच्यार्थ सोडून अन्य अर्थ शोधतो. परकीय नागरिकाने काँग्रेसच्या निवडणुकीत मत देणे हा १९९६ च्या कायद्याने गुन्हा आहे. सबब त्या वाक्याचा वाच्यार्थ अयोग्य ठरून श्रोत्याने दुसरा अर्थ शोधावयास हवा होता. परंतु विरोधी पक्ष बेकायदा आलेल्यांना मत देऊ पाहतो, असे ज्याच्या मनावर आधीच बिंबलेले आहे त्याला त्यात विसंगती भासतच नाही. योग्यता केवळ पदांवर ठरत नाही; ती श्रोत्याच्या पूर्वग्रहावरही ठरते. हा अर्थ एकट्या त्या वाक्याने निर्माण केला नाही. श्रोत्यांच्या मनात तो तयार होता, वाक्याने त्यास निमित्त दिले.

निकालाचे आकडे या विवेचनाशी जुळतात. बिलब्रे यांना ४९ टक्क्यांहून थोडी अधिक आणि बझ्बी यांना सुमारे ४५ टक्के मते मिळाली. सीमेबाबत कडक भूमिका घेणाऱ्या विल्यम ग्रिफिथ या अपक्षास चार टक्क्यांच्या आत मते होती. म्हणजे त्या वाक्यानंतर बझ्बी यांचा वाटा एप्रिलपेक्षा घटला नाही. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांनाही येथे जवळपास तेवढीच मते पडली होती. नोव्हेंबर २००६ मध्ये याच दोघांची पुन्हा लढत झाली. देशभर डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृह जिंकले, पण येथे बिलब्रे अधिक अंतराने निवडून आले. त्या वाक्याने काही नवी मते अडवली असतील, हे अमान्य करण्याचे कारण नाही. मात्र हातची मते गेल्याचे आकड्यांत दिसत नाही.

तर मग त्या भाषेने साधले काय? आमच्या मते तिने विषय बदलला. हा बदल मराठीतील एका प्रत्ययाने नेमका दाखविता येतो. ‘खोर’ हा प्रत्यय मूळ फारसी. त्याचा अर्थ ‘खाणारा’. ‘लाचखोर’ शब्दात तो अर्थ जिवंत आहे. ‘भांडखोर’, ‘घुसखोर’ यांत मात्र तो केवळ स्वभाव दाखवितो. सीमा ओलांडणे ही एक कृती आहे. ‘घुसखोर’ म्हणताच ती माणसाची प्रकृती ठरते. इंग्रजीत ‘इलीगल’ हे विशेषण नाम म्हणून वापरले जाते, तेव्हा हेच घडते. लाचखोरीने रिकामी झालेल्या जागेची निवडणूक अखेरीस घुसखोरीवर लढली गेली. पहिल्या शब्दाने आपल्याच प्रतिनिधीचा जाब विचारला जात होता. दुसऱ्याने ज्याला मतच नाही अशा माणसाचा. एप्रिलमध्ये विखुरलेल्या रिपब्लिकन मतांना एकत्र येण्यास हा दुसरा विषय सोयीचा होता.

स्थलांतराचा प्रश्न काढणेच गैर होते, असे मात्र कोणी समजू नये. सीमेलगतच्या परगण्यात तो मतदारांचा खरा प्रश्न होता, आणि बिलब्रे यांची भूमिका जुनीच होती. दोष बझ्बी यांच्या पक्षाकडेही जातो. प्रतिपक्षाच्या शब्दांना उत्तर देणारा स्वतःचा शब्द त्यांनी घडविला नाही. त्यामुळे ऐन वेळी प्रश्नकर्त्याचाच ‘कागद’ हा शब्द त्यांच्या तोंडी आला. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ रहिवासाचा परवाना असा नेमका आहे, इंग्रजीत तो पुष्कळच सैल आहे.

परिणाम शब्दांपाशी थांबले नाहीत. त्याच एस्कॉन्डिडो नगराच्या परिषदेने ऑक्टोबर २००६ मध्ये बेकायदा स्थलांतरितांना घर भाड्याने देण्यास बंदी करणारा नियम केला. न्यायालयाने तो रोखल्यावर डिसेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. सभेत प्रश्न विचारणाऱ्या माणसाने ‘मदत’ हा शब्द उच्चारला होता. त्या निवडणुकीच्या चर्चेत ‘कागद’ उरला, ‘मतदान’ उरले. तो एक शब्द तेवढा गळाला. निवडणुकीच्या भाषेचा अभ्यास करताना गाजलेल्या वाक्याइतकेच अशा गळालेल्या शब्दांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.