युरोपाचं वय लिहिताना जरा जपून

गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्रावरचे पेपर वाचायला घ्या. सुरुवातीलाच बहुतेकदा एक वाक्य भेटतं: पृष्ठभाग 4 ते 9 कोटी वर्षांचा, म्हणजे तरुण. वाचून वाटतं, तिथला बर्फ कुणी प्रयोगशाळेत आणून तपासलाय!

तसं काही नाही. तिथे मोठी विवरं मोजकीच आहेत. धूमकेतू किती काळाने आदळत असतील याचा अंदाज धरून हे वय काढलंय, आणि त्या अंदाजातच काही पटींची अनिश्चितता आहे. लहान विवरं मोजावीत, तर त्यातली बहुतेक मोठ्या आघातातून उडालेल्या तुकड्यांनी पडलेली.

बरं, दगड हातात असला की प्रश्न सुटतो का? आपल्या बुलढाण्यातलंच लोणार बघा. बसाल्टमधलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. आघातात वितळून झालेली काच तापवून, तिच्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून 1997 मध्ये वय आलं सुमारे 52 हजार वर्षं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने आलं सुमारे 5 लाख 70 हजार. दहापटींहून जास्त फरक! मला दुसरा आकडा पटतो, कारण मूळ बसाल्टमधून काचेत उरलेल्या आर्गॉनचा हिशेब त्यात धरलाय. बातम्यांत मात्र अजून पहिलाच फिरतो.

युरोपाला 'तरुण' म्हणा, हरकत नाही. तिथल्या भेगा आणि कडे जुनी जमीन पुसत गेलेले चित्रांत दिसतात. पण आकड्याशेजारी पद्धत आणि अनिश्चितता लिहा. माझ्या सिनॉप्सिसमध्ये मी ती गाळली होती. पहिला प्रश्न तिथूनच आला.