‘फेन्ट’ आणि सोंगाचा संशय

इंग्रजीत मूर्च्छेसाठी रूढ असलेला ‘फेन्ट’ आणि बतावणी करणे या अर्थाचा ‘फेन’ हे सख्खे भाऊ होत. दोहोंचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘फेन्द्र’ या क्रियापदात आणि त्याच्याही मागे लॅटिन ‘फिंगेरे’ म्हणजे घडविणे, रचणे या धातूत आहे. ‘फिक्शन’ही त्याच कुळातला. मध्ययुगीन इंग्रजीत ‘फेन्ट’ म्हणजे खोटा, भ्याड, दुर्बळ. शुद्ध हरपण्याचा अर्थ या दुर्बळतेतून आला.

या नात्यावरून मूर्च्छेच्या शब्दातच सोंगाचा संशय वसतो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मोह टाळावा, हे बरे. शेक्सपिअरच्या ‘ॲज यू लाइक इट’मध्ये (मुद्रण १६२३) पुरुषवेषातील रोझलिंड रक्ताळलेला रुमाल पाहून कोसळते आणि सावध होताच आपण सोंग केले, असे सांगते. खरी मूर्च्छा खोटी म्हणून खपविण्याचा हा उलटा व्यवहार! परंतु ऑलिव्हर तेथे ‘स्वून’ हा शब्द योजतो. तो जुन्या इंग्रजीच्या वळणाचा असून बतावणीशी त्याचे काही नाते नाही. संशय उपजतो तो प्रसंगातून.

रिचर्डसनच्या ‘पॅमेला’तील (१७४०) मूर्च्छा शीलाची साक्ष म्हणून येतात, फील्डिंगने ‘शमेला’त (१७४१) त्यांना ढोंग ठरविले. विडंबन झणझणीत खरे, पण रोझलिंडच्या प्रवेशातील गुंतागुंत त्यात नाही.

मराठीतील ‘मूर्च्छा’ ही थिजणे, दाट होणे या अर्थाच्या संस्कृत ‘मूर्छ्’ धातूची. तिच्यात सोंगाची छाया नाही. तरी रोझलिंडचा प्रवेश मराठीत आणताना या शब्दामुळे काही हरवत नाही.